गोरखातली दगडी शाळा: प्रकल्प नोंदी (नोव्हेंबर २०१८ ते जानेवारी २०१९)

११ नोव्हेंबर २०१८, रविवार

तिहार (नेपाळची दिवाळी) शुक्रवारी भाऊटीकेने संपला. रविवारपासून सगळे कामावर येतील असं शाळेच्या समितीने कळवलं होतं. आले चौघं, बाकीचे उद्या येणार म्हणे.

कामाची आजची स्थिती अशी. दोन वर्गखोल्यांची एकमजली इमारत, बाहेरून साधारण १२ मीटर बाय साडेपाच मीटर, मध्ये एक आडवी भिंत. भिंती दगडाच्या, सिमेंटच्या मालात, ४५ सेंमी जाड. पाया आणि जोत्याचा काँक्रीट बंध (सगळ्या भिंतींवरून फिरणारा सळयांचा काँक्रीट पट्टा) पावसाळ्याआधी झालेला आहे. बलुवा गावाहून वर येणाऱ्या कच्च्या रस्त्यावर पावसाळ्यात चिखलच चिखल असतो, म्हणून मधले महिने काम बंद होतं. कोपऱ्यांतल्या आणि दाराखिडक्यांच्या कडेच्या उभ्या सळया जोत्यातून वर आलेल्या आहेत. गंज धरलाय, पण वरवरचा. तारेच्या ब्रशने निघेल. जोत्यावर दगडाचे दोन थर चढलेत.

जुनी शाळा याच आवारात होती. २५ एप्रिल २०१५ रोजी सकाळी ११ वाजून ५६ मिनिटांनी ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याचं केंद्र गोरखा जिल्ह्यातल्याच बारपाकजवळ. शनिवार होता, आणि नेपाळमध्ये आठवड्याची सुट्टी शनिवारी असते. मातीत बांधलेली ती इमारत पूर्ण बसली. ३१ मे २०१५ ला भूकंपग्रस्त भागातल्या शाळा पुन्हा उघडल्या, त्या बांबू आणि पत्र्याच्या तात्पुरत्या वर्गांत. इथले दोन वर्ग अजून तसल्याच पत्र्याखाली भरतात. ढिगाऱ्यातले चांगले दगड निवडून रचून ठेवलेत, ते नव्या भिंतीत जातील.

१२ नोव्हेंबर, सोमवार

आज माणसं पूर्ण. मुख्य गवंडी दाइ (दाइ म्हणजे थोरला भाऊ; गवंड्याला इथे डकर्मी म्हणतात) काही वर्षं कतारमध्ये शटरिंगचं काम करून आलेले. भूकंपानंतर परतले आणि भूकंपरोधक बांधकामाचं सात दिवसांचं प्रशिक्षण घेतलं. त्यांच्या हाताखाली तीन गवंडी, त्यातली एक दिदी. तिनेही तेच प्रशिक्षण घेतलंय आणि ओळंबा तिच्याइतका कोणी पाहत नाही, हे पहिल्या दिवशीच दिसलं.

इथे गवंडी मिळवणं हेच मोठं काम आहे. घर पडलेल्या कुटुंबाला सरकारकडून तीन लाख नेपाळी रुपयांचं अनुदान मिळतं, तेही बांधकाम तपासून तीन हप्त्यांत. त्यामुळे सगळी गावं एकाच वेळी घरं बांधायला निघालीत, आणि हाताशी येणारी तरुण मुलं आखातात नि मलेशियात. गवंड्याला शाळेपेक्षा घराचं काम कधीही परवडतं. तरी दाइ इथे थांबलेत, कारण त्यांची दोन्ही मुलं याच शाळेत आहेत.

माझं काम काय, ते विद्यालय व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांनी बैठकीत सरळच सांगितलं. "दिदी, दगड लावणारी माणसं आमच्याकडे आहेत. मोजून लिहून ठेवणारं कोणी नाही." मला हे पटलं. लांबून येऊन थापी हातात धरली की फोटो छान येतो, पण भिंत वाकडी होते आणि गावातल्या एकाची रोजंदारी जाते. तेव्हा ठरलं ते असं: मोजमाप, मालाचा हिशोब, आणि जे जे पुढे झाकलं जाणार त्याचा झाकण्याआधी फोटो आणि नोंद. नकाशा मंजूर नमुन्याचा आहे. सरकारी इंजिनिअर टप्प्याटप्प्याला येतात, पण मधल्या दिवसांत भिंतीच्या पोटात काय गेलं, ते त्यांना माझ्या फोटोंवरूनच कळणार.

१४ नोव्हेंबर, बुधवार

वाळूवरून दिवस गेला. दरौंदी नदीच्या काठून आलेली एक खेप दिसायला स्वच्छ, पण मुठीत घेतली की हाताला माती लागते. प्लास्टिकची पारदर्शक बाटली अर्धी वाळूने भरली, वर पाणी आणि चिमूटभर मीठ टाकलं, खळाखळा हलवून ओट्यावर ठेवली. दुपारच्या कामाआधी पाहिलं तर वाळूवर गाळाचा जाड थर बसलेला. पट्टीने मोजला. वाळूच्या उंचीच्या आठ टक्क्यांपर्यंत गाळ आम्ही चालवून घेतो. हा त्याच्या दुप्पट निघाला.

दुसरी भानगड अभ्रकाची. हिमालयातल्या नद्यांच्या वाळूत अभ्रकाचे चपटे कण असतात, उन्हात चकाकतात. थोडे असले तर बिघडत नाही. जास्त झाले की मालाला पाणी जास्त लागतं आणि माल कमजोर होतो. धुतल्याने गाळ जातो, अभ्रक सगळं जात नाही. नदीच्या वळणावर आतल्या बाजूला, जिथे पाणी मंदावतं, तिथे ते साठतं. दाइंना हे आधीच माहीत होतं. वाळू नदीच्या कोणत्या भागातून उचलायची ते त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला बोटाने दाखवलं होतं. पण तिथे ट्रॅक्टर उतरवायला त्रास, म्हणून त्याने सोयीच्या जागेवरून भरली. ही खेप परत घेणार नाही म्हणतो. समितीने तोडगा काढला: ही वाळू धुऊन शौचालयाच्या फरशीखाली वापरायची, भिंतीत नाही. पुढच्या खेपेला समितीचा एक माणूस ट्रॅक्टरसोबत जाईल.

१७ नोव्हेंबर, शनिवार

सुट्टीचा दिवस, म्हणून श्रमदान. ट्रॅक्टर शाळेच्या खालच्या वळणापर्यंतच येतो, तिथून वर सगळं पाठीवर. प्रत्येक घरातून एक माणूस. जास्त करून बायकाच आल्या. डोको (विणलेली टोपली) पाठीला, नाम्लोचा पट्टा कपाळावर, आणि डोकोत वाळू. सिमेंटची ५० किलोची गोणी एक आजोबा एकटे घेऊन चढले. मी मध्ये पडून दोघांनी उचला म्हटलं, तर त्यांनी मलाच बाजूला व्हायला सांगितलं.

माझ्याकडे फक्त खुणेच्या रेघा. कोणत्या घराचं श्रमदान झालं, कोणाचं बाकी, यावरून पुढे भांडणं होतात, म्हणून ही यादी बाहेरच्या माणसाकडे दिलेली बरी, असं समितीचं मत. बाहेरून आलेल्याचा हा एक उपयोग मला आधी सुचला नव्हता: कोणाचा चुलता नाही की मेव्हणा नाही.

२० नोव्हेंबर, मंगळवार

आजची नोंद लांबणार. सगळ्या इमारतीत मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आज सुरू झाली: आरपार दगड.

जाड दगडी भिंत बाहेरून एकसंध दिसते, पण बांधताना ती दोन भिंतींसारखी चढते. बाहेरचा गवंडी बाहेरचे चेहरे लावतो, आतला आतले, आणि मधल्या पोकळीत चिपा आणि माल भरतात. रोजच्या वजनाला हे पुरतं. जमीन हलली की मधला भराव खाली बसतो, दोन्ही चेहऱ्यांना आतून रेटतो, आणि भिंत पुस्तकाच्या पुठ्ठ्यांसारखी मधून उघडते. गोरखात २०१५ ला हेच झालं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपातही भिंती अशाच फुटल्या होत्या. भिंत जाड असली म्हणून वाचत नाही. दोन चेहऱ्यांना एकमेकांत बांधणारं काही नसेल, तर जाडीचं वजनच तेवढं अंगावर येतं.

उपाय जुना आणि साधा आहे. ठराविक अंतरावर भिंतीच्या पूर्ण जाडीइतका लांब दगड आडवा घालायचा, म्हणजे त्याचं एक टोक बाहेर दिसेल आणि दुसरं आत. आमच्या नकाशात लांबीत दर १.२ मीटरला एक आणि उंचीत दर ६० सेंमीला एक रांग. वरच्या रांगेतला दगड खालच्या रांगेतल्या दोन दगडांच्या मधोमध यायला हवा.

अडचण अशी की ४५ सेंमी लांब, सरळ, न तडकलेला दगड सहज मिळत नाही. ढिगाऱ्यात मिळाले ते मोजकेच. म्हणून गेल्या आठवड्यातच दिदीने लाकडी साच्यात काँक्रीटचे ठोकळे पाडायला घेतले: ४५ सेंमी लांब, १५ बाय १५, मध्ये एक सळई. ते पाण्यात मुरतायत. आज पहिली रांग लागली. प्रत्येक ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना लाल रंगाचा ठिपका दिला. बाहेरून ठिपके मोजायचे, मग आतून. दोन्हीकडचा आकडा जुळला पाहिजे.

दुपारी आतून एक ठिपका कमी भरला. मागच्या भिंतीत एका ठिकाणी ठोकळा आखूड पडला होता, आतल्या गवंड्याने त्याच्यापुढे चपटा दगड लावून चेहरा सारखा करून टाकलेला. दिसायला सुरेख. दाइंनी काही न बोलता पहारीने तेवढा भाग मोकळा केला आणि नवा ठोकळा बसवला. गवंडी जरा फुरंगटला होता. चहाच्या वेळी दाइ त्याला म्हणाले, "ती जागा उद्यापासून कोणाला दिसणार नाही. म्हणूनच आज काढली." मग त्यांनी त्यालाच ठिपके मोजायचं काम दिलं. ही युक्ती मी ध्यानात ठेवलीय.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

उभ्या सळयांभोवती काँक्रीट कसं भरायचं यावर थोडी चर्चा. सळईभोवती चार इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा ठेवायचा, त्याच्याभोवती दगड लावत जायचं, दोन-तीन थर झाले की पाइप वर ओढून राहिलेल्या पोकळीत काँक्रीट कोचून भरायचं. पाइप अधूनमधून फिरवला नाही तर चिकटून बसतो. तो फिरवायची जबाबदारी सातवीतल्या दोन मुलांनी शाळा सुटल्यावर आपणहून घेतली आहे. पाइपला हात लावायचा, कुंपणाच्या आत यायचं नाही आणि मचाणावर चढायचं नाही, या अटीवर. अट अर्धीच पाळली जाते, म्हणून आता शाळा सुटल्यावर मचाणाची शिडी काढून ठेवतो.

२६ नोव्हेंबर, सोमवार

खिडकीखालच्या बंधासाठी सळया बांधल्या. बारा मिलीमीटरच्या दोन सळया आणि आडवे आकडे (दोन्ही सळयांना बांधणारे, टोकं वळवलेले सळईचे तुकडे). कोपऱ्यावर सळई नुसती आणून सोडायची नाही. ती काटकोनात वळवून दुसऱ्या भिंतीत लांबवर न्यायची. जोड द्यायचाच झाला तर सळईच्या जाडीच्या साठपट, म्हणजे ७२ सेंमी एकमेकींवर. सळई इथवर खांद्यावरून आलेली, तेव्हा ७२ सेंमी फुकट घालवल्यासारखे वाटतात. कापणारा माणूस दर वेळी हातभरच ठेवू पाहतो. बरोबर लांबीची एक काठी कापून त्याच्या पायाशी ठेवली. आकडा सांगण्यापेक्षा काठी बरी.

आकड्यांची टोकं नव्वद अंशांत वळवलेली नकोत, आणखी आत, १३५ अंशांत हवीत. नव्वदातलं टोक भूकंपात काँक्रीट सुटलं की उघडतं. आतवर वळवायला जोर जास्त लागतो आणि संध्याकाळी हात दुखतात. तयार झालेल्या ढिगातले काही नव्वदचे निघाले, ते परत वळवायला दिले.

२८ नोव्हेंबर, बुधवार

बंध ओतला. साडेसात सेंमी जाड, दारांच्या जागा सोडून सगळ्या भिंतींवरून सलग. अकरा गोण्या सिमेंट. अडचण आली नाही.

३० नोव्हेंबर, शुक्रवार

हेडसरांचं म्हणणं, खिडक्या मोठ्या करा. त्यांचा मुद्दा चुकीचा नाही. डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुकं असतं, वीज जाते, मागच्या बाकावरच्या मुलाला फळा दिसत नाही. पण खिडकी म्हणजे भिंतीतलं भोक. नकाशानुसार कोपऱ्यापासून ६० सेंमीच्या आत खिडकी घेता येत नाही, दोन खिडक्यांमध्येही तेवढा दगड उभा राहायला हवा, आणि एका भिंतीतल्या सगळ्या दाराखिडक्यांची मिळून रुंदी भिंतीच्या निम्म्यावर जाऊ द्यायची नाही. शिवाय खिडक्यांच्या कडेच्या सळया जोत्यापासून उभ्या आहेत, त्या आता सरकत नाहीत.

बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी उजेड वरून घ्यायचं ठरलं: प्रत्येक खोलीच्या छपरात दोन पारदर्शक फायबरचे पत्रे आणि आतून भिंतींना पांढरा चुना. सर म्हणाले, "उन्हाळ्यात मुलं भाजतील." म्हणून ते पत्रे उत्तरेच्या उतारावर घालायचे. सर पूर्ण खूश नाहीत. त्यांच्या जागी मीही नसते.

२ डिसेंबर, रविवार

एका परदेशी संस्थेमार्फत बारा जणांचा गट आला. ट्रेकच्या आधी चार दिवस शाळेसाठी द्यायचे, अशी त्यांची सहल. उत्साह भरपूर, सगळ्यांना भिंत बांधायचीय. पर्यटक व्हिसावर नेपाळमध्ये काम करता येत नाही, बिनपगारी असलं तरी. आपल्याला भारतीय म्हणून व्हिसाच लागत नाही, म्हणून हे पटकन लक्षात येत नाही. संस्थेने त्यांना हे सांगितलेलंच नव्हतं. समितीने त्यांना चहा दिला, शाळा दाखवली, वर्गात मुलांशी बोलायला बसवलं, आणि भिंतीपासून लांब ठेवलं.

त्यांच्यातले एक निवृत्त सुतारकामाचे शिक्षक होते. त्यांनी अवजाराला हात न लावता दाइंशी खुणांच्या भाषेत तासभर दाराच्या चौकटीवर चर्चा केली. दार बाहेर उघडणारं हवं, पळताना मुलं दाराला भिडली तरी ते अडू नये. हे नकाशात होतंच, पण चौकट उलटी बनून आली होती आणि ते त्यांनी पाहिलं. चौकटी बदलायला परत पाठवल्या.

संध्याकाळी समितीत विषय निघाला. या गटाने प्रवासाला आणि त्या संस्थेला मिळून जे पैसे दिले असतील, त्यात या गवंड्यांची किती महिन्यांची मजुरी निघाली असती, असं दिदीने विचारलं. मी हिशोब करायला गेले नाही. मी स्वतःही बाहेरूनच आलेली. फरक एवढाच की समितीने काम आधी ठरवलं आणि माणूस मग मागवला. त्या गटाच्या बाबतीत माणसं आधी ठरली होती.

९ डिसेंबर, रविवार

थंडी वाढली. पहाटे गवतावर हिंव. अशा हवेत सिमेंटचा जोर उशिरा धरतो, म्हणून पाणी मारायचे दिवस वाढवले. मात्र संध्याकाळी उशिरा मारायचं नाही, सकाळी उन्हं आल्यावर मारायचं. रात्री बंधावर पेंढा आणि वरून प्लास्टिक.

पेंढ्याचं काय होणार ते कोणीतरी आधीच ओळखायला हवं होतं. काल रात्री एक म्हैस सुटली आणि पूर्वेकडच्या भिंतीवरचा सगळा पेंढा फस्त करून गेली. म्हशीची मालकीण म्हणते, पेंढा शाळेच्या भिंतीवर घालायची चैन करायला तुम्हाला सांगितलं कोणी? आता पेंढ्याऐवजी गोणपाट.

१६ डिसेंबर, रविवार

पैशांची नोंद. नेपाळ सरकारने या आठवड्यात शंभरपेक्षा मोठ्या भारतीय नोटा वापरायला बंदी केली. बाजारातल्या हार्डवेअरवाल्याने पाचशेच्या नोटा घ्यायला लगेच नकार दिला. आमचा मुख्य व्यवहार बँकेतून आणि नेपाळी रुपयांतच असल्याने कामावर परिणाम नाही. एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी हा दर १९९३ पासून ठरलेला आहे, त्यामुळे हिशोबात तरी गोंधळ होत नाही. तरी ही बंदी असेपर्यंत येणाऱ्यांसाठी लिहून ठेवते: शंभराच्या नोटा आणा.

शाळेच्या फाटकाजवळ फळा लावला. आलेली रक्कम, सिमेंटच्या गोण्या आल्या किती, गेल्या किती, मजुरी किती दिली. दर शुक्रवारी समितीचे सचिव खडूने बदलतात. पहिल्याच दिवशी एका आजींनी गोण्यांचा आकडा चुकल्याचं दाखवलं. ओतकामासाठी खाली उतरवलेल्या चार गोण्या वर यायच्या होत्या. त्या वाचायला शिकल्या प्रौढांच्या वर्गात, असं नंतर कळलं.

२१ डिसेंबर, शुक्रवार

दाराखिडक्यांवरचा बंध. सर्वांत मोठं ओतकाम: १५ सेंमी उंच, ४५ सेंमी रुंद, सगळ्या भिंतींवरून एक सलग कडं. साधारण पावणेतीन घनमीटर काँक्रीट, बावीस गोण्या. हे एका दमात व्हायला हवं. मध्ये थांबलं की तिथे सांधा राहतो, आणि कोपऱ्यावर सांधा राहिला तर कड्याला अर्थ नाही.

सकाळी उजाडताच सुरुवात. एरवी नऊ-दहाला डाळभात होतो, आज सगळे खाऊनच आले. पत्र्यावर वाळू आणि सिमेंट कोरडं तीनदा पालथं घातलं, मग खडी टाकून पुन्हा, मग पाणी. पाण्याच्या बादलीजवळ मी उभी होते, कारण काँक्रीट सरकत नाही असं वाटलं की कोणीतरी हळूच पाणी वाढवतो. काम सोपं होतं आणि ताकद जाते. एका घाण्याला किती डबे ते ठरलेलं, प्रत्येक डब्याला भिंतीवर कोळशाची रेघ. दुपारनंतर रेघा ओढायला दिदीच्या मुलीला बसवलं. ती माझ्याहून कडक निघाली, बापाच्याही हातातला डबा परत ठेवायला लावला.

घमेली हातोहात वर जात होती. वर दाइ सळईने कोचत होते, शटरिंगच्या फळीला बाहेरून हातोडीने ठोकत होते. आतली हवा निघाली की आवाज बदलतो. पोकळ असेल तिथे ढब्ब वाजतं, भरलं की ठक्क. एका कोपऱ्यात सळया दाट झाल्या होत्या, खडी खाली जाईना. दाइंनी तिथे बारीक खडीचा वेगळा घाणा मागवला आणि बोटांनी आत सारला. सळईखाली ठेवलेले मालाचे छोटे ठोकळे सरकले नाहीत ना, हे मी आरसा आणि टॉर्च घेऊन पाहत फिरत होते. सळई तळाच्या फळीला टेकली तर पुढे तिथूनच गंज धरतो.

शेवटचा भाग डोक्याला टॉर्च बांधून ओतला. कोणी बोलायच्या मनःस्थितीत नव्हतं. उद्या शनिवार, सगळ्यांना सुट्टी. पाणी मारायला हेडसर येणार.

३० डिसेंबर, रविवार

नेपाळी पुस महिन्याची १५ तारीख. तमू ल्होसार, म्हणजे गुरुंग समाजाचं नवं वर्ष, काम बंद. दाइंच्या घरी जेवण, नाच, गावभर पाहुणे. मला नाचायला ओढलं. नोंद इथेच थांबवते.

४ जानेवारी २०१९, शुक्रवार

वरचे दगडाचे थर पूर्ण, छपराखालचा शेवटचा बंध आज ओतला. लोखंडी कैच्यांचे (छपर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांचे) बोल्ट काँक्रीटमध्येच बसवावे लागतात, आणि नंतर कैचीच्या पट्टीतली भोकं त्यांच्याशी जुळली नाहीत तर मोठी पंचाईत. म्हणून कैचीच्या पायपट्टीचा लाकडी साचा करून बोल्ट त्यातून उभे ठेवले, काँक्रीट घट्ट होईपर्यंत साचा हलवला नाही.

टोकांच्या त्रिकोणी भिंती दगडाच्या नाहीत. कड्याच्या वर मोकळी उभी असलेली ती दगडी त्रिकोणी भिंत भूकंपात सर्वांत आधी पडते, आणि पडते ती मुलं बाहेर पळत असतात त्या बाजूला. इथे लोखंडी चौकट आणि त्यावर पत्रा. गावातल्या काहींना हे स्वस्तातलं काम वाटतं. एकांनी तर दगडाचा खर्च मी देतो म्हणून सांगितलं. दाइंनी त्यांना बारपाकला नेऊन काही घरं दाखवली. परत आल्यावर ते त्यावर काही बोलले नाहीत.

१७ जानेवारी, गुरुवार

माघे संक्रांतीच्या सुट्टीनंतर कैच्या उभ्या राहिल्या. बोल्ट सगळे बसले. एकाला भोक थोडं कोरावं लागलं.

पत्रे चढायला सुरुवात. खिळा किंवा आकड्याचा बोल्ट पन्हळीच्या उंचवट्यावर मारायचा, खोलगट भागात नाही, नाहीतर पावसाचं पाणी थेट भोकातून आत. हे सांगावंच लागलं नाही. वाऱ्याची दिशा कुठली, त्यावरून पत्र्यांचा चढ कोणत्या बाजूने सुरू करायचा यावर मात्र गावात दोन मतं. जुनी शाळा ज्यांनी बांधली त्यांच्यातले एक अजून आहेत, त्यांचं ऐकलं.

पारदर्शक पत्रे लागले आणि हेडसर खोलीच्या मागच्या टोकाला खडू घेऊन उभे राहिले. त्यांनी भिंतीवर लिहिलेलं मला वाचता आलं. "फळा अजून एक फूट खाली हवा," एवढंच म्हणाले.

२४ जानेवारी, गुरुवार

माझं काम आज संपतं. फोटोंचा संच दोन प्रतींत: एक समितीकडे, एक वडा (प्रभाग) कार्यालयात. प्रत्येक फोटोमागे तारीख, भिंतीची बाजू आणि काय झाकलं गेलं ते लिहिलंय. पुढे कोणी या भिंतीला भोक पाडायला निघालं, पंख्यासाठी किंवा नळासाठी, तर सळई आणि आरपार ठोकळा कुठे आहे ते यातून कळेल. मोजमापाची वही दिदीने घेतली. शौचालयाचं काम ती स्वतः पाहणार आहे.

राहिलेलं काम: आतून चुना, बाहेरून दर्जा (दगडांमधले सांधे) भरणं, दाराला कड्या. मुलींचं वेगळं शौचालय, त्याचा खड्डा सोमवारी आखायचा. चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार नकाशापेक्षा तीव्र झालाय, तो फोडून लांबवायला हवा. समिती तयार आहे, गवंडी नाखूश. पुस्तकांची कपाटं भिंतीला पट्टीने अडकवायची, नाहीतर इमारत उभी राहील आणि कपाट अंगावर येईल. पट्ट्या बाजारातून आणायच्या आहेत, सचिवांच्या यादीत लिहिल्यात.

वाळूच्या पुढच्या खेपेसोबत कोण जाणार, ते अजून ठरलं नाही.